तेहतीस टक्के

"म्हंजे हे सारे जंतूच हायेत?" पंजाबरावांनी विचारलं आणि ते टाकीपासून दोन पावलं मागे सरकले.

"जंतूच. पण रोगाचे नाहीत, काका."

"त्यायच्या कपाळावर लिहेल रायते का, हा रोगाचा आन् हा बिनरोगाचा?"

पौर्णिमा हसली. पंजाबराव हसले नाहीत. त्यांनी जागेवरूनच मान लांब करून पुन्हा टाकीत डोकावलं. आत फिक्या गुलाबी रंगाचं पाणी होतं. त्यात नळीने हवा सोडलेली, त्यामुळे ते सारखं बुडबुडत होतं आणि काठाला फेस धरत होतं. खाऱ्या विहिरीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशा तीन टाक्या ओळीने मांडल्या होत्या, कमरेइतक्या उंच. आणि ही बडनेऱ्याची पोरगी त्यांना सांगत होती, की रोज सकाळ-संध्याकाळ या पाण्याला गुळाचं पाणी पाजायचं.

पंजाबरावांची सारी हयात जंतू मारण्यात गेली होती. खारसावंगी ग्रामपंचायतीत ते अठ्ठावीस वर्षं पाणीवाले होते. मोटार चालू करायची, व्हॉल्व्ह फिरवायचे, बादलीत ब्लिचिंग पावडर कालवून वरचं पाणी गावाच्या टाकीत सोडायचं. मग नळाचं पाणी काचेच्या नळीत धरून त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर पावडर लागू झाली, जंतू मेले, गावाने खुशाल प्यावं. पिवळं नाही झालं तर नाही. एवढ्या एका रंगावर त्यांनी नोकरी काढली आणि तीन वर्षांपूर्वी नारळ, शाल घेऊन घरी आले. आता सरपंचांनी या पोरीला त्यांच्याच दारात आणून उभं केलं होतं. पाण्याचं काम आहे, विश्वासाचा माणूस पाहिजे, म्हणून.

विश्वासाचा माणूस. पंजाबरावांचा मात्र कोणावरच विश्वास नव्हता. बडनेऱ्याला पुतणीच्या लग्नात त्यांनी पंगतीतल्या पाण्याला खिशातली नळी लावली होती, व्याह्यांच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून त्यांना लग्नाच्या पत्रिका जरा उशिराच पोचत.

"बरं, या जंतूयचं करनार काय?" त्यांनी विचारलं.

पौर्णिमाने मग नीट बसून सांगितलं. ती अमरावतीच्या कॉलेजात तीन वर्षं याच कामावर होती, धर्मपाल सरांच्या हाताखाली. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे खारं पाणी माणसाला नको, पिकाला नको; पण या जंतूंना तेच मानवतं. त्यांना गूळ भरपूर द्यायचा आणि बाकीचं खाणं तोडायचं. मग ते खाल्लेलं अंगात साठवून ठेवतात.

"बसून खानाऱ्या माणसाले चरबी चढते, तसंच. फक्त यांची चरबी म्हणजे प्लास्टिक असतं. ते काढून आम्ही पातळ पिशव्या करनार. मातीत पुरल्या की माती त्या खाऊन टाकते."

"प्लास्टिक माती खाते?"

"हे खाते."

"आन् जंतूयच्या आतून ते काढता कसं?"

"शेवटी त्यांना मारायचंच असतं. तुमच्या ब्लिचिंगनेच. बाकी सगळं विरघळतं, प्लास्टिक तेवढं खाली उरतं."

ज्यांना शेवटी मारायचं त्यांना आधी गूळ पाजायचा, हे पंजाबरावांना काही पटलं नाही. शिवाय ती जाताना म्हणाली, खाऱ्या पाण्यात वरून आणखी मीठ टाकायचं. दर आठवड्याला एक पोतं. तेव्हा तर त्यांची खात्रीच झाली, की यात काहीतरी काळंबेरं आहे.

घरी येऊन त्यांनी हे सगळं माणिकबाईंना सांगितलं. माणिकबाईंचं माहेर पातूरचं, माळ्याचं. भावांची रोपवाटिका. त्या लहानपणापासून काळ्या पिशव्यांत माती भरत आल्या होत्या.

"मातीत जिरनारी पिशवी आली त लय बरं होईन," त्या म्हणाल्या. "रोप लावतानी पिशवी फाडा लागते, मुळ्या तुटते, आन् मग त्या पिशव्या साऱ्या वावरात उडत रायते. पिशवीसगट रोप लावून देल्लं का काम झालं."

"तुले लगेच पटलं?"

"न पटाले काय झालं?"

"म्या पाहीन आंधी."

आणि त्यांनी खरंच पाहायला सुरुवात केली. गुळाचं पाणी वेळेवर, हवेचा पंप वेळेवर, वहीत नोंद वेळेवर, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण त्याबरोबर त्यांचं दुसरंही काम चालू होतं. तिन्ही टाक्यांवर त्यांनी कोळशाने पाण्याच्या पातळीची बारीक रेघ मारून ठेवली, पाणी कुठे झिरपतं का ते बघायला. पौर्णिमा आठवड्यातून दोनदा एसटीने येई. ती बाटल्यांत नमुने भरू लागली की ते बाटल्या मोजत. फोनवर ती कोणाशी इंग्रजीत बोलली तर शेडबाहेर उगाच झाडत उभे राहत. शेडपासून गावाच्या पाण्याची उंच टाकी वीस पावलांवर होती. धरणाचं गोड पाणी आठ-दहा दिवसांतून एकदा येई, त्या टाकीत साठे आणि नळाने घरोघर जाई. ती वीस पावलं पंजाबरावांनी चालून मोजली होती, एकदा नाही, तीनदा.

लोक म्हणत, म्हाताऱ्याचा स्वभावच संशयी. पण हा स्वभाव जन्माचा नव्हता. त्याला एक दिवस होता.

एकोणीस वर्षांपूर्वी, भादव्यात, पावडरची नवी, प्लास्टिकची थैली आली होती. पांढरीशुभ्र, शिलाई शाबूत, वर ठळक निळ्या अक्षरांत छापलेलं: क्लोरीन ३३ टक्के. पंजाबरावांनी ती फोडली, मापाने पावडर टाकीत सोडली. एसटी उभी होती, अकोल्याला मुलाची फी भरायला जायचं होतं. नवी थैली, वर लिहिलेलं, आज नळी कशाला लावायची, असं म्हणून ते एसटीत चढले. पुढच्या दिवसांतही नळी राहूनच गेली, आणि आठवडाभर ती पावडर गावाला गेली. मग जुलाब-उलट्या सुरू झाल्या. अकरा जण अंथरुणाला खिळले. त्यातले नऊ उठले. एक म्हातारे गेले, आणि पंजाबरावांची मोनाली गेली. सहा वर्षांची होती. नंतर तपासणीत निघालं की थैलीत नुसता चुना होता, पावडरचा जोर कधीच उडून गेला होता. कुठल्या गोदामात ती किती पावसाळे पडून होती, ते कोणाला कळलं नाही. चौकशीच्या कागदावर एवढंच आलं, की कर्मचाऱ्याने चाचणी घेतली नाही. आणि ते खोटं नव्हतं.

ती थैली पंजाबरावांनी ठेवली होती. धुऊन, घडी घालून, लोखंडी पेटीच्या तळाशी. कधी कोणी विचारलं तर पुरावा म्हणून. कोणी विचारलं नाही. माणिकबाई ती पेटी झाडत, पण उघडत नसत.

त्या दिवसानंतर पंजाबरावांनी एकही दिवस नळी लावायची सोडली नाही. निवृत्त झाल्यावरसुद्धा घरच्या नळाला पाणी आलं की ते खिशातून नळी काढत. त्यांच्या जागी जीवन लागला होता, तिशीतला, नव्याने लग्न झालेला. त्याला हे बोचायचं.

"काकाजी, तुमी दर वेळेस माह्या पान्याले नळी लावता," तो एकदा घरी येऊन म्हणाला होता. "लोक मले हासते. म्हनते, काकाजीले तुह्या कामाचा भरोसा नाई. माह्यी काय इज्जत राह्यली गावात?"

जीवन पोरगा वाईट नव्हता. हे बोलताना त्याचा चेहरा उतरला होता. तो गेल्यावर माणिकबाईंनी पंजाबरावांना मोनालीची शपथ घातली. म्हणाल्या, बस झालं, आता गावाचं पाणी गावाला पाहू द्या. ती शपथ मोडणं त्यांना शक्य नव्हतं. नळी आणि औषधाची बाटली पेटीत गेली, थैलीच्या शेजारी. ही होळीच्या वेळची गोष्ट. त्यानंतर महिनाभराने टाक्या आल्या, आणि मोकळा बसलेला संशय आयता तिकडे वळला.

पोळा होऊन चार दिवस झाले असतील. दुपारी शेजारच्या पार्बताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आचलले पाहा न जरा. सकाळपासून जुलाब थांबूनच नाई राह्यले."

आचल पार्बताबाईंची नात. पंजाबराव गेले. पोर खाटेवर पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. त्यांनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हे आधी एकदा पाहिलं होतं, स्वतःच्या घरात.

"मीठ-साखरेचं पानी देत राहा. घोट-घोट," ते म्हणाले. "पानी उकळून घ्या. आन् अकोल्याले न्या, आत्ताच्या आत्ता. वाट नका पाहू."

ॲम्ब्युलन्स आली, गेली. संध्याकाळपर्यंत आणखी चार घरांतून तीच बातमी आली. पारावर लोक जमले आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट होती: त्या गुलाबी पाण्याच्या टाक्या. जीवनही तिथेच होता. तो घाबरलेला दिसत होता.

"काकाजी, तुमी तं रोज पाहून राह्यले ते पानी," तो म्हणाला. "तुमीच सांगा. तिथूनच झिरपलं असन न?"

सगळे पंजाबरावांकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाव त्यांच्या संशयाला हसत नव्हतं, तोच संशय मागत होतं. पंजाबरावांना कोळशाच्या रेघा आठवल्या. पातळी कधी रेघेखाली गेली नव्हती. पण त्या क्षणी त्यांना रेघा दिसत नव्हत्या, आचलचे खोल गेलेले डोळे दिसत होते.

ते उठले. जीवनकडून पंपघराची किल्ली घेतली. कोपऱ्यात पावडरची थैली अर्धी संपून उभी होती. पांढरी, निळ्या अक्षरांची, ३३ टक्के. त्यांनी घमेलं भरून घेतलं. करोनात त्यांच्या नाकाचा वास गेला होता तो परत आलाच नव्हता, नाहीतर घमेलं उचलतानाच त्यांना काही कळलं असतं. शेडमध्ये दिवेलागणीचा थोडासा उजेड शिल्लक होता. त्यांनी पहिल्या टाकीचं झाकण काढलं. सकाळीच या पाण्याला गूळ पाजला होता. पाच महिने पाजत होते.

"मले माफ करजा," ते कोणाला म्हणाले ते त्यांनाच माहीत. पाण्याच्या मापाने गावच्या टाकीला लागते त्याच्या शंभरपट पावडर त्यांनी एकेका टाकीत ओतली. हवेचा पंप चालूच ठेवला, म्हणजे औषध नीट कालवलं जाईल. काम म्हटलं की ते नीटच करायचं, ही सवय जंतू मारतानाही सुटली नाही.

सकाळी उजाडताच ते शेडवर गेले. रंग उडालेलं, मेलेलं पाणी बघायची तयारी करूनच गेले होते. ब्लिचिंग रंगाला सोडत नाही, चांगलं लुगडं पांढरंफटक करतं. त्यांनी झाकण काढलं.

पाणी गुलाबी होतं. तळाशी चुन्यासारखा पांढरा गाळ बसला होता, पण वर पाणी कालच्याइतकंच गुलाबी होतं आणि बुडबुडत होतं. दुसरी टाकी तशीच. तिसरी तशीच.

पंजाबराव टाकीच्या काठाला धरून उभे राहिले. शंभरपट पावडर पिऊन ज्याचा रंगसुद्धा उडत नाही, असा जंतू त्यांनी अठ्ठावीस वर्षांत पाहिला नव्हता. मग त्यांना कळलं. जंतूंचं काही नव्हतं. पावडरच मेलेली होती.

ते घरी आले तेव्हा माणिकबाई चुलीवर पाणी उकळत होत्या. पंजाबराव सरळ पेटीपाशी गेले.

"शपथ मोडून राह्यलो," ते म्हणाले.

माणिकबाई चुलीपासून उठून आल्या. पंजाबरावांनी बाटली काढली, नळी काढली. अंगणातल्या नळाला रात्रीचं उरलेलं पाणी होतं. नळी भरली, थेंब टाकले, उजेडात धरली. पाणी जसंच्या तसं. त्यांनी पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, तरी केलं.

जीवन पंपघरात मोटार सुरू करायच्या बेतात होता. पंजाबरावांनी आधी त्याचा हात बटणावरून बाजूला केला, मग नळी दाखवली.

"थैली कधी फोडली?"

"अक्षय तृतीयेले," जीवन म्हणाला. "पन काकाजी, त्याच्यावर तं लिहेल हाय न, तेहतीस..."

"तोंड उघडं ठेवलं व्हतं?"

जीवनने कोपऱ्याकडे पाहिलं. थैलीचं तोंड उघडंच होतं. पंपघराच्या ओल्या जमिनीवर, सारा पावसाळा.

"मले मारा तुमी," तो म्हणाला आणि तिथेच पायरीवर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पंजाबरावांनी त्याला मारलं नाही. या पायरीवर ते स्वतःही एकदा असेच बसले होते.

"ऊठ," ते म्हणाले. "रडाले मंग लय दिवस भेटते. व्हॉल्व्ह बंद कर. दवंडी दे, नळाचं पानी कोनी पेऊ नका. मी अकोल्याहून नवी पावडर आनाले मानूस धाडतो. आन् थैली आली का आंधी नळी लावजो. मंग टाकजो."

पौर्णिमा साडेदहाच्या एसटीने आली. तिला उतरल्या उतरल्याच गावाने सगळं ऐकवलं होतं, टाक्यांवरचा आळ आणि तो कसा उतरला तेसुद्धा. घमेल्याचं मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. ती खुशीत शेडवर आली.

"काका, तुमच्यामुळे वाचलो आम्ही. नाहीतर लोकांनी टाक्या फोडल्या असत्या."

पंजाबरावांना बोलता आलं असतं, की हो. गाळाचं काही सांगता आलं असतं. पोरीने विश्वास ठेवला असता, ती ठेवणाऱ्यांतली होती.

"पोरी," ते म्हणाले, "काल संध्याकाळी म्या तुह्या टाक्यायत पावडर टाकली. तिन्हीयत. मारासाठी."

पौर्णिमाला आधी ते समजलंच नाही. मग तिने पळत जाऊन झाकणं काढली. काठी घालून तळ ढवळला, पांढरा गाळ वर आला. मग दुसऱ्या टाकीत काठी घातली, तिसऱ्या टाकीत घातली.

"मेले नाहीत," ती शेवटी म्हणाली.

"नाई मेले. पावडर मेलेली व्हती."

"पण चुना झाला सगळा. हे आता कॉलेजच्या कमिटीला नाही दाखवता येनार. परत पहिल्यापासून." तिने काठी टाकीला टेकवून ठेवली. "तीन वर्षं झाली मले याच्यात, काका. घरचे म्हणतात, लग्न कर, सोड हे. मी म्हटलं, ही एक बॅच होऊ द्या. तुम्ही मले विचारलं असतं तर मी सगळे रिपोर्ट दाखवले असते. इतक्या मिठात रोगाचे जंतू जगत नाहीत, हेच तर सांगून राहिली होती मी पाच महिने."

पंजाबरावांनी खाली पडलेलं झाकण उचलून भिंतीला लावलं.

"माझ्यावर तुम्ही विश्वास नाही ठेवला, ठीक आहे. तुम्ही कोणावरच ठेवत नाही, सगळे सांगतात. पण मग त्या थैलीवर कसा ठेवला?"

एकोणीस वर्षं पंजाबरावांनी माणसांवर संशय घेतला, सोयऱ्यांवर घेतला, या समोर उभ्या असलेल्या सरळ पोरीवर घेतला. आणि वेळ आली तेव्हा निळ्या अक्षरांत छापलेले तेच दोन आकडे वाचून घमेलं भरलं. नळी न लावता. दुसऱ्यांदा.

"माही पोरगी गेली व्हती अशाच एका थैलीनं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर कोणासमोर उच्चारलं नव्हतं. "आज असती तं तुह्याएवढी."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. एसटी, फी, नळी. पौर्णिमा पालथ्या घातलेल्या मिठाच्या बादलीवर बसून ऐकत राहिली.

"उद्यापासून नको येऊ म्हनशीन, तं नाई येनार," ते शेवटी म्हणाले.

उठून तिने वही उघडली, आजची तारीख घातली.

"गूळ कोन पाजनार मग?" ती म्हणाली. "या. पण इथे काहीही टाकायच्या आधी मले फोन करायचा."

आचल आठव्या दिवशी अकोल्याहून परत आली. बाकीचेही सगळे उठले. या वेळी गावातलं कोणी गेलं नाही. पंजाबराव रोज पंपघरात जाऊ लागले, जीवननेच बोलावलं म्हणून. नळी जीवन धरी, पंजाबराव नुसते रंग बघत.

टाक्या धुऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. कमिटीने मुदत वाढवून दिली. धर्मपाल सरांना त्यासाठी किती आर्जवं करावी लागली ते पौर्णिमाने सांगितलं नाही. दिवाळीनंतरच्या एका दुपारी ती कागदात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन घरी आली. तळहाताएवढी पिशवी होती, साईसारख्या रंगाची, जराशी खरखरीत. माणिकबाईंनी ती बोटांनी चाचपली, आत मूठभर माती भरून पाहिली.

"ही आपल्या टाकीची," पौर्णिमा म्हणाली. "काका, तुम्ही विश्वास नका ठेवू. पुरून पाहा."

हे बोलणं पंजाबरावांना फार आवडलं. त्यांनी माणिकबाईंच्या मोगऱ्याशेजारी, जिथे न्हाणीचं पाणी मुरतं, तिथे वीतभर खड्डा केला. पिशवी ठेवली. माती ओढणार तोच थांबले. नुसती एकच वस्तू पुरून कसं कळणार? माती खरंच खाते, की ही जागाच तशी आहे, की कोणी मधेच येऊन काढून नेलं?

ते घरात गेले. पेटी उघडली. थैली बाहेर काढून मांडीवर पसरली. मग कात्री मागितली.

माणिकबाईंनी कात्री आणून दिली आणि त्या तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ३३ हा आकडा पंजाबरावांनी चौकोनी कापून काढला, बरोबर त्या पिशवीएवढा. दोन्ही वस्तू शेजारी शेजारी पुरल्या आणि वर खुंटी ठोकली.

शिवरात्रीनंतर खुंटी उपटली. पंजाबरावांनी खुरप्याने माती हलक्या हाताने काढली, माणिकबाईंच्या पिठाच्या जुन्या चाळणीत घातली आणि चाळली. उरले ते खडे आणि मोगऱ्याची मुळं. पिशवीचा कुठे तुकडा नाही, धागा नाही. त्यांनी चाळलेली माती पुन्हा चाळली. मुळांची जुडी हातावर उलगडून पाहिली. मग मान हलवली, स्वतःशीच.

दुसरा तुकडा लगेच सापडला. ओला होता, मातीने भरला होता. त्यांनी तो नळाखाली धरला. निळा आकडा स्वच्छ निघाला, काल छापल्यासारखा.

"पोरीले फोन करा," माणिकबाई म्हणाल्या. "वाट पाहून राह्यली असन."

"करतो."

पण आधी त्यांनी तुकडा धोतराला कोरडा पुसला. आत जाऊन थैली जमिनीवर पसरली आणि तिच्यातल्या भोकावर तो ठेवला. चारी कडा चारी कडांना बसल्या, कुठे तसूभरही फरक नव्हता. माणिकबाई शेजारी येऊन बसल्या. एकोणीस वर्षांत त्यांनी ती थैली हातात घेतली नव्हती. त्यांनी एका बाजूने घडी घातली, पंजाबरावांनी दुसऱ्या बाजूने.